पाणसळीची बाजू

मोटारीचा सरळ फोटो म्हणजे पासपोर्टचा फोटो, असा एक सिद्धांत सध्या ठाण्यात जोरात आहे. तो मांडणाऱ्या आचार्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी ही वेगाची वस्तू, वेग कधी सरळसोट नसतो, म्हणून कॅमेरा तिरका धरावा. क्षितिज सरळ ठेवतो तो कारकून आणि कलवतो तो कलावंत. पुराव्यादाखल दोन-चार सिनेमांची नावे, एखादा जुना परदेशी फोटो आणि शेवटी ‘नियम मोडण्यासाठीच असतात’ हे ब्रह्मवाक्य. शिष्यगणही उदंड आहे. दसऱ्याला किंवा पाडव्याला माजिवड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या शोरूममधून हार घालून बाहेर पडणारी नवी एमएच-04 पाहावी, तर फोटोत ती कशी, तर एक बाजू वर आणि एक खाली, जणू पहिल्याच दिवशी गटारात चाक गेले. मालक पेढे वाटतो आहे आणि गाडी घसरते आहे.

आधी साधे गणित. कॅमेरा 15 अंश कलवला की चौकटीतला सपाट रस्ता दर पावणेचार फुटांना एक फूट चढू लागतो. कल्याणहून नाशिककडे जाणारी रेल्वे कसाऱ्यापुढे थळघाट चढते तो चढ 37 ला 1 आहे, आणि तेवढ्यासाठीही आगगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रेल्वेची चाके लोखंडी आणि मोटारीची रबरी, तेव्हा तुलना काटेकोर नाही, हे मान्य. पण पावणेचारला 1 असा चढ आपल्या महामार्गावरही कोणी बांधत नाही. म्हणजे माजिवड्याच्या सपाट रस्त्यावर उभी असलेली बिचारी हॅचबॅक या मंडळींनी थळघाटाच्या दहापट चढणीवर नेऊन ठेवली. बरे, ठेवली तर ठेवली, ती तिथे करते काय? उभी राहते. हँडब्रेकच्या भरवशावर. शिवाय माजिवड्यात गाडीच्या मागे मोकळे आकाश नसते. मेट्रो 4 चे खांब असतात, टॉवर असतात, उड्डाणपुलाचा कठडा असतो. या सगळ्यांना आधीच कोणीतरी ओळंबा लावून ठेवलेला आहे. कॅमेरा कलला की गाडी धावत नाही, मेट्रोचा खांब मात्र पडायला येतो. खरी चढण हवीच असेल तर याच रस्त्याने पुढे गायमुखचा घाट आहे. तिथे एखादा ट्रक बंद पडला की चढ म्हणजे काय, हे निम्म्या ठाण्याला न सांगता कळते.

आता आचार्यांचा हुकमाचा एक्का, वेग. त्यांचा लाडका साक्षीदार म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार जाक-आंरी लार्तिग यांनी ऐन तारुण्यात काढलेला, 1912 सालचा म्हणून गाजलेला शर्यतीच्या मोटारीचा फोटो. गाडी चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेली आहे, मागचे चाक लंबवर्तुळ होऊन पुढे झुकले आहे आणि रस्त्याकडेची माणसे मागे कलली आहेत. पाहा, म्हणतात, तिरकेपणाने केवढा वेग आला! साक्षीदार खरा आहे, पण तो साक्ष देतो ती उलट बाजूने. त्या फोटोतला कल कॅमेरा तिरका धरल्याने आलेला नाहीच. त्या काळच्या त्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे एक फट असे, ती काचेच्या प्लेटवरून सरकत जाई आणि दृश्याचा खालचा भाग आधी, वरचा भाग नंतर टिपला जाई. चाकाचा तळ टिपून फट वरपर्यंत पोहोचेतो गाडी पुढे गेलेली होती, म्हणून चाक पुढे झुकले. लार्तिग कॅमेरा गाडीच्या दिशेने फिरवत होते, पण गाडीइतक्या वेगाने नाही, म्हणून जागच्या जागी उभी असलेली माणसे उलट्या दिशेला कलली. गाडी एकीकडे झुकते, माणसे दुसरीकडे, आणि या दोहोंच्या मधल्या तफावतीत डोळ्याला वेग सापडतो. वेग ही तुलनाच असते. काहीतरी स्थिर असल्याशिवाय दुसरे काही धावताना दिसत नाही. कॅमेरा कलवल्याने काय होते? गाडी, रस्ता, खांब, बघे आणि दुकानाची पाटी सगळे एकाच दिशेने, एकाच अंशाने कलते. गाडी आणि रस्ता यांच्यात जो संबंध आधी होता तोच नंतरही राहतो. अख्खे ठाणेच एका बाजूला झुकवले, मग गाडी कुणाच्या पुढे गेली म्हणायचे?

गाडी खरोखर धावते तेव्हा तिच्या अंगावर जे घडते त्याकडेही हे लोक पाहत नाहीत, याचे मला जास्त वाईट वाटते. ब्रेक दाबला की नाक खाली जाते, जोरात सुटली की मागची बाजू दबते, वळणावर गाडीचे अंग वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकते. हे सगळे झुकणे रस्त्याच्या तुलनेत असते, आणि रस्ता चौकटीत सपाट असेल तरच ते दिसते. सस्पेन्शनने मेहनतीने दाखवलेला तो दोन-तीन अंशांचा कल कॅमेऱ्याच्या उसन्या पंधरा अंशांत बुडून जातो. मोटारसायकलचे उदाहरण इथे देऊ नये. ती वळणावर स्वतः आत झुकते, कॅमेऱ्याने तिच्यासाठी वाकायची गरज नाही.

सिनेमाचे दाखले आणखी मजेदार. कॅरल रीड यांच्या 1949 च्या ‘द थर्ड मॅन’मध्ये कॅमेरा वारंवार कलतो, हे खरे. पण तिथे शहर युद्धाने मोडलेले व्हिएन्ना आहे, कोण खरे बोलतो कळत नाही आणि नायकाच्या पायाखालची जमीनच सरकलेली आहे. हा चित्रपट पाहून दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी रीड यांना पाणसळ भेट पाठवली, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेवा म्हणून, असा किस्सा सांगतात. 1966 च्या अमेरिकी ‘बॅटमॅन’ मालिकेत तर कॅमेरा कलायचा तो खलनायकांच्या अड्ड्यावर. थोडक्यात, पडद्यावर तिरक्या चौकटीने प्रेक्षकाला सांगितले जाते की इथे काहीतरी काळेबेरे आहे. सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन आणलेल्या गाडीबद्दल तुम्हाला हेच सांगायचे आहे काय? जुनी गाडी विकायला काढलेल्यांनी तर यापासून लांबच राहावे. गिऱ्हाईक आधीच संशयी असते.

हा रोग मोटारींना उशिरा लागला, हेही नमूद करायला हवे. त्याआधी तो लग्नाच्या अल्बमांना लागला होता. चकचकीत जाड पानांचे करिष्मा अल्बम आले तेव्हा नवरा-नवरी एका पानावर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे कलू लागली, सप्तपदी उतारावर होऊ लागली आणि वरमाई पानाच्या कोपऱ्यातून निसटायच्या बेतात दिसू लागल्या. तेव्हाही विरोध करणाऱ्यांना जुनाट ठरवले गेले. पाठोपाठ आले ते सगळे जग काळे-पांढरे आणि गाडी तेवढी लालभडक, हे प्रकरण. त्यालाही तेव्हा सर्जनशीलताच म्हटले गेले होते. आज ते अल्बम घरोघरी कपाटात आहेत. पाहुण्यांपुढे कोण काढतो, हे विचारायला नको.

किरकोळ आक्षेप उरकून टाकू. रशियन छायाचित्रकार रोदचेंको यांनी 1920 च्या दशकात कॅमेरा कलवला, खरे आहे. त्यांना जुन्या जगाकडे पाहण्याची सवयच मोडायची होती, तुम्हाला गाडीची डिलिव्हरी टिपायची आहे. नियम मोडण्यासाठी असतात, हेही खरे, पण सगळेच ते मोडू लागले की मोडणे हाच नियम होतो, आणि या नियमाचे पालन आज ठाण्यात सिग्नलपेक्षा काटेकोर होते. एकच आक्षेप मला वजनदार वाटतो. आडवी गाडी फोनच्या उभ्या चौकटीत मावत नाही, तिरपी केली की मावते. ही अडचण खरी आहे आणि प्रामाणिकही. तिला कला न म्हणता अडचणच म्हणावे, मग उत्तर सापडते: चार पावले मागे व्हा, किंवा गाडी समोरून घ्या, किंवा फोन आडवा धरा.

मग करायचे काय? मोटारीचा आकार काढणारा माणूस जमिनीच्या रेघेपासून सुरुवात करतो. खिडक्यांखालून जाणारी रेघ जमिनीशी कोणते नाते सांगते यावर गाडीचा स्वभाव ठरतो. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनीची ती रेघ शांत, जवळपास आडवी. 1998 साली आलेल्या टाटा इंडिकाची मागे चढत जाणारी, म्हणून ती उभी असतानाही पुढे झेपावल्यासारखी दिसते. हा कल गाडीतच घडवलेला आहे. चौकट सरळ ठेवली तर दिसतो, कलवली तर कुठला कल कुणाचा, हे कळेनासे होते. पद्मिनीच्या टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. त्यांचे जे फोटो मागे राहतील त्यांत निदान ती रेघ तरी खरी असावी. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा, जवळून वाइडने न काढता मागे सरून दुप्पट झूमवर काढा म्हणजे बॉनेट सुजणार नाही, गाडी पुढच्या कोपऱ्यातून घ्या आणि चाक थोडे वळवून ठेवा, म्हणजे टायरची नक्षी न दिसता रिमचा चेहरा दिसेल. वेगच हवा असेल तर शटर 1/60 वर आणून धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे 28 सेंटिमीटर सरकते, चाक जवळजवळ सातवा हिस्सा फिरते, आरे विरघळतात, मागचे माजिवडे आडव्या रेघांचे होते आणि गाडी तेवढी लख्ख राहते. पहिले पुष्कळ फोटो बिघडतील. तिरका अँगल मात्र पहिल्याच दमात जमतो, त्याच्या लोकप्रियतेचे मला दुसरे कारण दिसत नाही. (हे प्रयोग हायवेच्या कडेला उभे राहून करू नयेत, सोसायटीच्या आतला रस्ता पुरतो.)

बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात आता ग्रिडची आणि लेव्हलची सोय असते. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. येत्या दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांनी हार घालण्याआधी ती चालू करावी, आणि फोटो काढणारा मान वाकडी करू लागला तर त्याला पेढा नंतर द्यावा.