झाकण नसलेली टाकी

वऱ्हाडातल्या अचलपूरला इंग्रजी अमलात एलिचपूर म्हणत. तिथे नेमणुकीवर असलेल्या डॉ. ग्लेन लिस्टन यांनी वर्षभर ॲनोफिलीस डासांच्या सवयी टिपल्या आणि १९०१ साली त्यांतल्या एका जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हिवतापाचे अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्यावरून त्या जातीला ‘ॲनोफिलीस स्टीफेन्सी’ हे नाव मिळाले. सव्वाशे वर्षांनी याच डासाने आफ्रिकेतल्या शहरांची झोप उडवली आहे.

लाल समुद्राच्या तोंडाशी वसलेल्या जिबूती या चिमुकल्या देशातून हिवताप जवळजवळ गेला होता. २०१२ साली तिथे वर्षभरात अवघे २७ रुग्ण नोंदले गेले. त्याच वर्षी तिथे स्टीफेन्सी पहिल्यांदा आढळला. २०२० साली रुग्णसंख्या ७३ हजारांच्या पुढे गेली. पाठोपाठ इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, घाना आणि केनियातही तो सापडला. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ साली ऐन कोरड्या दिवसांत हिवतापाची साथ आली, तिचा माग संशोधकांनी याच डासापर्यंत काढला. आफ्रिकेच्या शहरांतले सुमारे साडेबारा कोटी लोक त्याच्या टप्प्यात येऊ शकतात, असा अंदाज २०२० साली मांडला गेला.

आफ्रिकेतला मूळचा हिवतापाचा डास मुख्यतः पावसाच्या डबक्यांत वाढतो. डबकी आटली की त्याचा जोर ओसरतो. आपल्या खेड्यांतला क्युलिसिफेसिस हा डासही ओढ्याकाठच्या साचलेल्या पाण्यात, कालव्याच्या पाझरात वाढतो. स्टीफेन्सीला मात्र माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी लागते. गच्चीवरची टाकी, आडोशाचा हौद, पाण्याचा पिंप, न वापरली जाणारी विहीर यांत त्याची वीण बारमाही चालते.

अशा टाकीत बॅटरीचा झोत टाकून पाहावे. घाणीतल्या क्युलेक्स डासाच्या अळ्या श्वासनळी वर काढून तिरप्या लोंबकळतात. ॲनोफिलीसच्या अळीला तशी नळी नसते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, एखाद्या काडीच्या तुकड्यासारखी आडवी पडून असते. सावली पडली की झटक्यात खाली जाते आणि थोड्या वेळाने परत वर येते. उन्हाळ्यात अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

साठवलेल्या पाण्यातून हिवताप पसरतो, हे मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. सी. ए. बेंटली यांनी १९११ साली शहरातल्या हिवतापावर दिलेल्या अहवालात बोट ठेवले ते घरोघरच्या विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर. नगरपालिकेने विहिरी बंद करायला घेतल्या तेव्हा हिंदू आणि पारशी कुटुंबांनी धर्मभावनेपोटी विरोध केला. पुढे मुंबईचे पहिले भारतीय पालिका आयुक्त झालेल्या रुस्तम मसानी यांनी याच वादाच्या निमित्ताने विहिरींविषयीच्या लोकसमजुती गोळा केल्या आणि १९१८ साली त्यांचे पुस्तक केले. त्या काळापासून टाकी डासमुक्त हवी, बंदिस्त हवी, तपासणीसाठी तिला शिडी हवी, हा मुंबईचा रिवाज झाला. कागदावर तो आजही आहे.

आज या डासाला सर्वांत सोयीची जागा म्हणजे बांधकाम. स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवलेले असते, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेले असते आणि उघड्या पिंपांच्या रांगा लागलेल्या असतात. हिवतापाच्या पट्ट्यातून पोटासाठी आलेले मजूर तिथेच, भिंती न उठलेल्या मजल्यावर, मच्छरदाणीशिवाय झोपतात. एखाद्याच्या रक्तात जंतू असला की तो डासाच्या पोटात जातो, तिथे साधारण दहा-बारा दिवसांत पक्व होतो आणि मग शेजारच्या मजुराला, समोरच्या चाळीला, पलीकडच्या सोसायटीला बाधतो. मजुराने ताप आणला, असे म्हणून हात झटकणे हा अन्याय आहे. त्याला उघड्या पाण्याशेजारी झोपवणारा ठेकेदार आणि ते चालवून घेणारी पालिका यांची ही जबाबदारी आहे.

साथ आली की गल्लीत धूरफवारणीचे यंत्र फिरते. त्या धुराने समोर सापडलेले उडते डास मरतात. टाकीतल्या अळीला त्याचा स्पर्शही होत नाही, आणि आठवड्याने नवी फौज बाहेर पडते. हिवताप थोपवतो तो शिडी चढून टाकी उघडणारा, विहिरीत गप्पी मासे सोडणारा, घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणारा कर्मचारी. पालिकांनी पैसा आधी त्याच्या पदावर, पगारावर आणि सुरक्षित शिडीवर खर्च करायला हवा.

नागरिकांना आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगितले जाते. सल्ला योग्य आहे. पण मराठवाड्यातल्या ज्या वस्त्यांत नळालाच आठवड्याने पाणी येते, तिथे भरलेला हौद कोणती गृहिणी ओतून देईल? तिथे सक्तीची भाषा चालणार नाही. घट्ट झाकण किंवा जाळीचे कापड पालिकेने पुरवावे आणि नळाचे वेळापत्रक सुधारणे हे आरोग्य खात्याच्या कामाइतकेच निकडीचे मानावे.

हिवताप हटल्याच्या आनंदात हात सैल सोडण्याची किंमत देशाने मोजली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्ण होते. ते १९६५ पर्यंत एक लाखावर आले आणि १९७६ साली पुन्हा ६४ लाखांवर गेले. आता २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणून २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठरले आहे. श्रीलंका २०१६ साली हिवतापमुक्त जाहीर झाली आणि त्याच वर्षाअखेरीस मन्नारमध्ये स्टीफेन्सी सापडला. स्थानिक रुग्ण नसतानाही तिथल्या यंत्रणेने डासावरची पाळत सोडली नाही.

महाराष्ट्रातल्या पालिकांना सुरुवात भोगवटा प्रमाणपत्रापासून करता येईल. गच्चीवरची टाकी बंदिस्त आहे, तिच्यापर्यंत शिडी पोहोचते आणि लिफ्टचा खड्डा कोरडा आहे, हे कीटकनाशक विभागाच्या कर्मचाऱ्याने स्वतः पाहून सही केल्याशिवाय ते प्रमाणपत्र कुठल्याही इमारतीला मिळू नये. आणि इमारत उभी राहत असताना तिथल्या प्रत्येक मजुराची रक्ततपासणी आणि मच्छरदाणी ठेकेदाराच्या खर्चात धरलेली असावी.