नांदुऱ्यातलं घर विकायचंय? एजंट 'वरचे माझे' म्हणाला तर काय होतं, समजून घ्या

मुलं नोकरीसाठी पुण्याला, आई-वडीलही त्यांच्याकडेच आणि नांदुऱ्यातल्या घराला कुलूप. शेवटी घर विकायचं ठरतं. ओळखीतला एजंट येतो आणि म्हणतो, "काका, २५ लाख तुमच्या हातात देतो. वरचे माझे."

ऐकायला सोपं वाटतं. कमिशनची कटकट नाही. पण घरमालकाचं मोठं नुकसान इथंच होऊ शकतं.

रेरा आहे ना?

महारेराने १ जानेवारी २०२४ पासून एजंटना प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवणं बंधनकारक केलं. ते नसलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी त्याच वर्षी स्थगित झाली. त्यामुळे 'रेरा नंबर बघा आणि निर्धास्त राहा' असा सल्ला दिला जातो.

यात एक मेख आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीची सक्ती आहे, ती बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पातल्या फ्लॅट-प्लॉटसाठी. तुमचं २५-३० वर्षं जुनं, स्वतः बांधलेलं घर त्यात येत नाही. एजंटकडे नंबर असेल तर चांगलंच, महारेराच्या वेबसाइटवर तो तपासून घ्या. पण तेवढ्यावर विसंबू नका.

मग संरक्षण कशाचं?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं. कलम २१३ प्रमाणे एजंटने मालकाला हिशेब द्यायचा असतो. कलम २१६ प्रमाणे त्याने मालकाच्या नकळत, स्वतःसाठी व्यवहार करून फायदा मिळवला, तर मालक तो फायदा मागू शकतो.

पण 'वरचे माझे' याला तुम्ही आधीच हो म्हटलं, तर 'नकळत' हा मुद्दाच कमकुवत होतो.

हिशेब करून बघू

समजा, घर ३० लाखांना गेलं. २ टक्के कमिशन असतं, तर एजंटला ६० हजार मिळाले असते. 'वरचे माझे' मध्ये त्याला ५ लाख मिळतात.

पुढची अडचण खरेदीखताची. त्यात ३० लाख लिहिले, तर कराचा हिशेब तुमच्या नावावर ३० लाखांचा होतो. २५ लिहिले, तर वरचे ५ लाख रोखीत फिरतात. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. इसारालाही हाच नियम लागू आहे.

टक्केवारी ठरवली की झालं?

तेवढंही पुरेसं नाही. अमेरिकेत स्टीव्हन लेव्हिट आणि चाड सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास केला. एजंट स्वतःचं घर विकताना साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबत होते आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवत होते. कारण साधं आहे. तुमच्या घराचे १ लाख वाढले, तर २ टक्क्यांनी एजंटला फक्त २ हजार मिळतात. त्यापेक्षा सौदा लवकर उरकणं त्याला परवडतं.

एजंट निवडताना काय कराल?

- आधी स्वतः भाव काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर तुमच्या भागाचे रेडी रेकनर दर आणि आजूबाजूच्या झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ बघता येते.
- दोन-तीन एजंटना अपेक्षित किंमत विचारा. सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याला 'कशावरून?' हेही विचारा.
- कमिशनचा दर, ते कधी द्यायचं आणि मुदत लेखी ठरवा. बहुतेक रक्कम खरेदीखत झाल्यावरच द्या.
- तो खरेदीदाराकडूनही कमिशन घेणार का, हे आधीच विचारा.
- प्रत्येक खरेदीदाराशी तुमची थेट भेट किंवा फोन झालाच पाहिजे. इसार तुमच्याच बँक खात्यात घ्या.
- पुण्याहून येणं जमत नाही म्हणून एजंटला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. गरजच पडली तर जवळच्या नातेवाइकाला द्या.

एजंट या अटी लेखी मान्य करायला तयार नसेल, तर घाई करू नका. मलकापूर आणि खामगाव जवळच आहेत, तिथल्या एजंटनाही विचारून बघा.