आधी निदान, मग दुरुस्ती

समजा, मे महिन्यात कामठीत पारा 45 अंशांवर आहे आणि कुर्ल्याला बनलेली एक जुनी प्रीमियर पद्मिनी रस्त्यात बंद पडली आहे. किल्ली फिरवली की स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. जमलेल्यांपैकी कोणी बॅटरी बदलायला सांगतो, कोणी प्लग. माझ्या मते ही रीतच चुकीची आहे.

बॅटरीत जोर आहे, हे स्टार्टरनेच सांगितले ना? मग मेकॅनिकला एक प्लग काढायला सांगा. तो पेट्रोलने ओला असेल, तर संशय आधी ठिणगीवर. कोरडा असेल, तर पेट्रोलच वाटेत अडले आहे.

टाकी भरलेली असूनही कसे अडेल? पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्यातील हलके घटक 40-50 अंशांनाच उकळू लागतात, आणि या गाडीचा पंप तापलेल्या इंजिनालाच जोडलेला असतो. पंपात वाफ साठली की पेट्रोल पुढे सरकत नाही. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवत. फडक्यातील पाण्याची वाफ होताना ती पंपाची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तसेच. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, तर निदान बरोबर. नाही झाली, तर पंपाचा पडदा फाटला आहे का, ते पाहावे.

अप्रकट उष्म्याचा धडा नुसता फळ्यावर शिकवण्यापेक्षा शिक्षकांनी वर्ग एकदा गॅरेजमध्ये न्यावा. मात्र पाना मेकॅनिकच्याच हाती असावा. पेट्रोलजवळ ठिणगी पाडून पाहण्याचा प्रयोग तुम्ही करू नका.