गोळी लिहून दिली, समजावून कोण सांगणार?

नैराश्याची गोळी सुरू झाली की पहिले दोन आठवडे फार नाजूक असतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रॅलिन, फ्लुऑक्सेटिन या औषधांचा त्रास आधी होतो, गुण मागाहून येतो. मळमळ, डोकेदुखी, झोपेची उलथापालथ, कधी आधीपेक्षा जास्त तगमग हे पहिल्या काही दिवसांतच सुरू होतं. मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे जातात, पुरता फरक पडायला सहा-आठही लागतात. हे आधी कुणी सांगितलं नसेल, तर आठवडाभरात पाकीट कपाटात जातं. ‘मानवल्या नाहीत गोळ्या’ एवढं घरात सांगितलं जातं आणि उपचार तिथेच संपतो.

ओपीडीतली रांग पाहिली की डॉक्टरांची अडचण कळते. तरीही समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ तेच म्हणतो. आजार काय आहे, उपचार कोणता ठरला आहे, त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, ही माहिती मिळण्याचा हक्क कलम २२ रुग्णाला देतं. तीही त्याला समजेल अशा भाषेत. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात पडते ती इंग्रजी बारीक अक्षरांची पट्टी.

ही पट्टी उलटून पाहण्यासारखी असते. अनेकदा तिच्यावर एक नाही, दोन औषधांची नावं असतात: एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. भारतात ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते. क्लोनाझेपामने त्याच रात्री झोप लागते, धडधड कमी होते, म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्याचा उपयोग आहेच. पण त्याची सवय लागते. एस्सिटॅलोप्रॅम महिनोन्महिने घ्यायचं असतं. दोन्ही एकाच गोळीत असली की क्लोनाझेपामही तेवढेच दिवस पोटात जात राहतं, आणि वेगळं करून ते कमी करता येत नाही. रुग्णाला यातलं काही ठाऊक नसतं. हे चुकीचं आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे.

‘या गोळ्यांची सवय लागते’ ही भीतीही याच गोंधळातून पसरते. एकट्या एस्सिटॅलोप्रॅमची दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. मात्र ते एकदम बंद केलं तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. मग घरच्यांना वाटतं, आजार उलटला किंवा व्यसन लागलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवला तर हा त्रास बराच टळतो. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते, कारण लवकर थांबवली तर आजार परतण्याचा धोका वाढतो.

आणखी एक गोष्ट कुणीच काढत नाही. या औषधांनी कामेच्छा कमी होऊ शकते. डॉक्टर विचारत नाहीत, रुग्ण लाजेने सांगत नाही आणि मनातल्या मनात ठरवून गोळी सोडून देतो. डोस किंवा औषध बदलून यावर मार्ग निघू शकतो, पण त्यासाठी आधी विषय निघायला हवा.

औषधाचा उपयोग तरी होतो का? २०१८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यातली २१च्या २१ औषधं प्रौढांमध्ये नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली; फरक मात्र सरासरीने माफकच होता. म्हणजे औषधाला जोड हवी: समुपदेशनाची, झोपेची, घरच्यांच्या लक्षाची. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे तर सुरुवातीच्या आठवड्यांत डोळ्यांत तेल घालून पाहावं. त्यांच्यात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेला आहे. असं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं रुग्णाला समजावून सांगण्यात राज्याच्या आरोग्य विभागाला फार खर्चही नाही. गुण कधी येईल, त्रास काय होईल, गोळी कशी थांबवायची, कोणती लक्षणं दिसली तर धावत यायचं, एवढं मराठीत छापलेलं एक पान प्रत्येक मानसोपचार ओपीडीत चिठ्ठीसोबत द्यावं. आणि जोडगोळी लिहिली असेल, तर त्यातलं क्लोनाझेपाम कधी बंद होणार, ती तारीख डॉक्टरांनी त्याच पानावर पेनाने लिहावी.