मुख्याध्यापकाची खुर्ची आणि अभ्यास

श्रीपूरला गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची पोरं शाळेच्या दारात उभी राहतात. हातात आधीच्या शाळेचा दाखला नसतो. अशा वेळी मुख्याध्यापकाला शिक्षण हक्क कायदा, 2009 मधलं कलम 5 माहीत हवं: दाखल्याअभावी प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. पोरगं किती शिकलंय हे न पाहता त्याला वयानुसार वर्गात बसवायचं, हे कलम 4 सांगतं.

मुख्याध्यापकाला हे शिकवतं कोण? खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, पुढे सेवाज्येष्ठता पाहतात. उत्तम गणित शिकवणारे सर एका सकाळी वेतनबिलं, पोषण आहार आणि आरक्षणाच्या बिंदुनामावलीत बुडतात. वर्गाला चांगला शिक्षक उरत नाही, हे मला फार लागतं.

यावर एक वाट आहे: नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून करता येते. मी ती करतो आहे, स्वखर्चाने, रात्री. माझं म्हणणं स्पष्ट आहे: खुर्चीत बसण्याआधी हा अभ्यास सक्तीचा करा, शुल्क शासनाने भरावं, आणि परीक्षेत एक प्रश्न दाखला नसलेल्या पोराचा असावाच.