पाऊस हेवी, मग वारा स्ट्राँग का?

जुलैमधल्या एखाद्या सकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर दोन मिनिटं थांबा. गाड्या वीस मिनिटं लेट, ओल्या छत्र्या एकमेकींत अडकलेल्या, आणि शेजारचा मुलगा फोनवर ऑफिसला कळवतोय, "सर, बिग रेन इज देअर, ट्रेन्स आर लेट." पलीकडच्या सरांना सगळं कळलं. निरोप पोचला. पण मागे उभ्या असलेल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्याच.

ते हसू माझ्या चांगलं ओळखीचं आहे. मराठी शाळेतून अकरावीला गेले तेव्हा भर वर्गात मी 'स्ट्राँग रेन' म्हणाले होते. पुढचे कित्येक महिने त्या तासाला मी तोंड उघडलं नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणांकडे अशी एखादी गोष्ट असेल, फक्त शब्द वेगळा असेल.

आता मला सांगा, 'बिग रेन'मध्ये व्याकरणाचा कुठला नियम मोडला? विशेषण आधी, नाम नंतर. सगळं जागच्या जागी आहे. शब्दांचे अर्थही बरोबर. तरी चूक. कारण इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो. हवामान खात्यानं तर त्याचं माप ठरवून टाकलंय. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पडला की हेवी, त्याच्यावर 204.4 पर्यंत व्हेरी हेवी, त्याहून जास्त म्हणजे एक्स्ट्रीमली हेवी. पण त्याच वादळात, त्याच ढगाखाली वाहणारा वारा मात्र हेवी नसतो. तो 'स्ट्राँग'. का? काही कारण नाही. बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या तसं बोलत आले, एवढंच.

हा इंग्रजीचा आगाऊपणा वाटत असेल तर आपल्या घरात बघा. आपल्याकडे पाऊस मुसळधार आणि वारा सोसाट्याचा. उलटं करून बघा बरं: मुसळधार वारा सुटला आणि सोसाट्याचा पाऊस आला. हसलात ना? का हसलात ते व्याकरणाच्या भाषेत सांगता येणार नाही. थंडी कडाक्याची, धुकं दाट, झोप गाढ, कार्यक्रम भरगच्च. हे कुणी पाठ करून घेतलं तुमच्याकडून? कुणीच नाही. या जोड्या आपण घरात, रिक्षाच्या रांगेत, आजीच्या बोलण्यात हजारदा ऐकल्या, आणि त्या बसल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंग्रजीतली ही चूक बुद्धीची नसते, ओळखीची असते. शब्द माहीत असतो, तो कुणाबरोबर फिरतो ते माहीत नसतं.

'हेवी'चंच बघा. शाळेच्या वहीत आपण लिहिलं: हेवी म्हणजे जड. झालं, विषय संपला. खरं तर तिथेच घोळ सुरू झाला. हेवी हार्ट म्हणजे जड अंतःकरण, इथपर्यंत नशीब साथ देतं. हेवी मीलला जड जेवणही चालतं. पुढे? हेवी ड्रिंकर म्हणजे जड पिणारा नव्हे, अट्टल बेवडा. हेवी फाइन म्हणजे जबर दंड. हेवी स्लीपर म्हणजे ढोल वाजवला तरी न उठणारा माणूस (कल्याणला हा शब्द ऐकून कुणाला गाडीचा डबा आठवेल, तो भाग वेगळा). हेवी इंडस्ट्री म्हणजे अवजड उद्योग. आणि घोडबंदर रोडला हेवी व्हेइकल्सना बंदी घालायची असली की आपली अधिसूचना 'जड-अवजड वाहने' म्हणते, म्हणजे मराठीला एका हेवीसाठी दोन दोन शब्द लागले. पत्रीपुलावर ट्रॅफिक हेवी असतं, पण दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमते ती गर्दी इंग्रजीत लार्ज किंवा ह्यूज. आपण सर्रास 'हेवी क्राउड' म्हणून जातो.

उलट बाजूनं आलात तरी तीच गत. आपला एक 'कडक' घ्या. कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त. इंग्रजीत जाताना तिघांचे तीन रस्ते: चहा स्ट्राँग, ऊन स्कॉर्चिंग, शिस्त स्ट्रिक्ट. स्ट्रिक्ट टी मागून बघा कॅफेत! हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञानं 1966 मध्ये चहाचाच दाखला दिला होता. चहा स्ट्राँग म्हणायचा आणि गाडी पॉवरफुल, अर्थ जवळजवळ एक, पण अदलाबदल चालत नाही.

आणि यात अडखळणारे आपण पहिले नाही. 1933 मध्ये हॅरॉल्ड पामर नावाच्या इंग्रज शिक्षकानं टोकियोत बसून इंग्रजीतल्या अशा ठरलेल्या शब्दजोड्यांचा एक मोठा अहवाल छापला. कुणासाठी? जपानी विद्यार्थ्यांसाठी. व्याकरण पक्कं, शब्द पाठ, तरी वाक्य ऐकताना काहीतरी खटकणारं, असे ते विद्यार्थी. त्या कामातला त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी. त्यानं शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश 1942 मध्ये आधी टोकियोतच निघाला. नंतर ऑक्सफर्डनं तो छापला, आणि आज तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत जो जाडजूड ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश आहे, तो त्याचाच वंशज. म्हणजे आपल्याला ज्याचा धाक वाटतो ते पुस्तक मुळात परक्या भाषेत अडखळणाऱ्यांसाठी जन्माला आलं होतं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. इतक्या वर्षांत आपण काय पाठ केलं? सिनॉनिम्स, अँटोनिम्स, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह. स्टेशनबाहेरच्या खांबावरचे क्लासवाले अजूनही रोज दहा नवे शब्द द्यायची भाषा करतात. सुटे शब्द घेऊन काय करायचं? त्यापेक्षा रोज दोनच नामं घ्या आणि त्यांची माणसं ओळखून घ्या. 'रेन' दिसला की त्याच्या आधी कोण उभं आहे ते बघा. वहीत 'हेवी = जड' लिहू नका, 'हेवी रेन', 'हेवी ट्रॅफिक' असं जोडीनं लिहा. नुसत्या जोड्यांचाही कोश मिळतो, ऑक्सफर्डचाच, 2002 चा. त्यात नाम उघडलं की खाली त्याची विशेषणं ओळीनं बसलेली असतात. तो चाळायला स्पोकन इंग्लिशच्या क्लासएवढी फी लागत नाही.

एक अडचण मात्र मान्य करते. आपण इथे स्वतःच्या जोड्याही बनवल्यात, आणि त्या मला चुका वाटत नाहीत. 'हेवी डिपॉझिट' बघा. एकरकमी मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवायची, भाडं नाही किंवा अगदी नावापुरतं, करार संपला की रक्कम परत. ठाणे-डोंबिवलीतल्या कुठल्याही एजंटला हे दोन शब्द सांगा, तो थेट किल्ल्या काढेल. लंडनच्या माणसाला यातला हेवी कोड्यात टाकेल. मग टाकू दे. तसंच 'हेवी लायसन', तशीच 'हेवी वर्कची साडी'. इथे राहणाऱ्यांनी गरजेप्रमाणे घडवलेली ही भाषा आहे. फक्त कुठली जोडी एजंटसमोर चालते आणि कुठली इंटरव्ह्यूच्या टेबलावर, एवढं ठाऊक हवं. नोकरी त्या टेबलावर ठरते, आणि समोरचा माणूस 'बिग रेन' ऐकून तुमचं अकाउंटन्सी किती पक्कं आहे हे तपासायचं सोडून देऊ शकतो. हा अन्याय आहे, पण घडतो.

हसणाऱ्यांचं काय? पुलावरच्या त्या दोघींसारख्यांना मला काही म्हणायचं नाही, फक्त घोडबंदरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते. इंग्रजी शाळा, इंग्रजी फर्डं. गेल्या गणपतीत सकाळी उशिरा उठला आणि आजीला म्हणाला, "आजी, मला इतकी डीप झोप लागली होती ना, की मी अजून अंघोळपण नाही घेतली."

आजी पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "गाढ रे, गाढ."

त्याचा चेहरा पडला. "मी काय केलं? गाढव का म्हणतेस?"