हवेत गोळी झाडायला साइट लागत नाही

'बीड' आणि 'बंदूक' हे दोन शब्द आता लोक एका दमात उच्चारतात. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा विषय विधानसभेपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे गाजला. हवेत गोळीबाराचे व्हिडिओ बाहेर आले, गुन्हे दाखल झाले, २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने अनेकांचे परवाने रद्द केले. आमच्या एका सीनियरला पुण्यात ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "बीडचा ना तू? मग कमरेला काय आहे?" सगळे हसले म्हणे. तोही हसला. काय करणार?

मी मेकॅनिकलची आणि एनसीसीची कॅडेट. त्यामुळे असा व्हिडिओ पाहिला की मला भलतीच गोष्ट दिसते. हात वर, तोंड कॅमेऱ्याकडे, आणि बंदुकीचा एक भाग पूर्ण बेकार! तो म्हणजे साइट. हवेत गोळी झाडायला साइट लागतच नाही. मिरवायलाही लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना साइट म्हणजे काय हे कळतं, ती मुलं बंदूक मिरवत नाहीत. आणि हे कळण्यासाठी लागणारं सगळं गणित आपल्या सिलॅबसमध्ये आहे.

आता हा भाग काय आहे ते सांगते. पोलिसांच्या खांद्यावर दिसणारी एसएलआर घ्या. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, सेमी-ऑटोमॅटिक. एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी, आणि पुढची गोळी गॅसच्या दाबाने आपोआप चेंबरमध्ये. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हातात .३०३ होती, प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा. त्यानंतर साठच्या दशकात पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर तयार होऊ लागली. तिच्या पुढच्या टोकाजवळ एक बारीक खुंटी, मागे एक छोटं भोक. भोकातून बघायचं, खुंटीचं टोक निशाणावर आणायचं. बस्स. ना काच, ना बॅटरी. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या तोंडात 'फोरसाइट टिप' बसलेलं, पण जुनी माणसं त्या खुंटीला 'माशी' म्हणतात. मला हा शब्द जास्त आवडतो, कारण ती खरोखरच बंदुकीवर बसलेल्या माशीएवढी दिसते.

पण या माशीची ताकद बघा. एसएलआरच्या भोकापासून माशीपर्यंतचं अंतर साधारण ५५ सेंटिमीटर. निशाण १०० मीटरवर. दहावीतले समरूप त्रिकोण आठवा. माशी १ मिलिमीटर चुकीची बसली तर गोळी १०० मीटरवर सुमारे १८ सेंटिमीटर चुकते, ३०० मीटरवर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त. म्हणजे फिटिंग शॉपमध्ये आपण 'चालतंय रे' म्हणून सोडून देतो तेवढ्या फरकात गोळी माणसाच्या बाजूने निघून जाते. किंवा बाजूच्या माणसाला लागते.

म्हणून साइट नुसती बसवून चालत नाही, ती 'झिरो' करावी लागते. एसएलआरची माशी स्क्रूसारखी आट्यांवर बसवलेली असते, फिरवली की वर-खाली होते. डावं-उजवं करायला मागच्या साइटला दोन बाजूंनी दोन स्क्रू, एक सैल करायचा आणि दुसरा आवळायचा. गोळ्या वर लागत असतील तर माशी खाली नाही, आणखी वर करायची! पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. पण माशी उंच झाली की ती भोकाच्या रेषेत आणण्यासाठी नळीचं तोंड खाली करावंच लागतं.

साइट कुठे बसवायची हा तर डिझाइनचा खरा प्रश्न. दोन साइटमधलं अंतर जितकं जास्त तितकी चूक कमी, म्हणून मागची साइट शक्य तितकी मागे हवी. एसएलआरचं मूळ डिझाइन बेल्जियमच्या एफएएल रायफलचं. तिच्यात वरचं झाकण पातळ पत्र्याचं आणि सरकून निघणारं, त्यावर साइट ठेवली तर ती हलणार. म्हणून ती खालच्या भागावर, ट्रिगर असतो त्या फ्रेमवर बसवली. आता माशी नळीच्या बाजूला, भोक खालच्या फ्रेमवर, आणि मध्ये बिजागरी! सांधा झिजून सैल झाला की झिरो हलणार. रशियन एके-४७ च्या डिझाइनरने उलटा निर्णय घेतला. त्याने मागची साइट झाकणाच्या पुढे, न हलणाऱ्या जागी ठेवली. पण त्यामुळे अंतर राहिलं जेमतेम ३८ सेंटिमीटर आणि तीच १ मिलिमीटरची चूक १०० मीटरवर २६ सेंटिमीटरची झाली. कोण बरोबर? दोघेही. मशीन डिझाइनच्या तासाला 'कॉम्प्रमाइज' हा शब्द शंभरदा ऐकला, पण याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नाही.

वर्गातले मित्र म्हणतात, "अगं, आता कोण लोखंडी साइट वापरतं? गेममध्ये बघ, सगळीकडे रेड डॉट." बरोबर आहे. भारताने २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घेण्याचा करार केला. त्या जातीच्या रायफलीवर खाचांची रेल असते, हवी ती साइट त्यावर क्लॅम्प होते. पण बॅटरी संपते, काचेवर चिखल बसतो, धक्क्याने फुटते. म्हणून रेलवर दुमडणारी लोखंडी साइटही बसवतात. आणि गेमवाल्यांना आणखी एक. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, ते दुर्बिणीशिवाय. या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं!

आता कुणी म्हणेल, बीडमध्ये आधीच कमी बंदुका आहेत का, की कॉलेजात हे शिकवायचं? उगाच कुणी घरच्या बंदुकीवर कानस घेऊन बसू नये म्हणून सांगते, १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. आणि मी बंदूक मागतच नाहीये. आपल्या कॉलेजातली कितीतरी पोरं पोलीस भरतीची, सैन्याची तयारी करतात. पहाटे ग्राउंडवर धावतात, गोळाफेक करतात. उद्या त्यांच्या हातात खरी रायफल येणार. एनसीसी कॅम्पमध्ये .२२ च्या मोजक्या गोळ्या मिळतात, आणि रायफल हातात येईल ती. पाचही गोळ्या एका जागी पण निशाणाच्या डावीकडे लागल्या, तर दोष हाताचा की साइटचा, हे कळायला हवं ना? गोळ्या एकमेकींजवळ असतील तर हात चांगला आहे, साइट सरकवा. विखुरल्या असतील तर साइटला हात लावू नका. मेट्रोलॉजीच्या लॅबमध्ये हेच 'प्रिसिजन' आणि 'अॅक्युरसी' म्हणून आपण पाठ करतो आणि व्हायव्हात विसरतो.

माझी मागणी छोटी आहे. वर्कशॉपमध्ये एक जॉब वाढवा. ५५ सेंटिमीटरची लोखंडी पट्टी, एका टोकाला भोक पाडलेला पत्रा, दुसऱ्या टोकाला माशी म्हणून एम-६ चा स्क्रू, आणि पट्टीखाली नळीच्या जागी साधा लेझर पॉइंटर. १० मीटरवर भिंतीला कागद. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने लेझर लावून ठिपका कुठे पडला ते पेन्सिलने मांडायचं. एम-६ ची पिच १ मिलिमीटर, म्हणजे स्क्रूचा एक फेरा फिरवला की ठिपका सुमारे १८ मिलिमीटर सरकायला हवा. सरकतो का ते मोजा, नाही सरकला तर का नाही ते जर्नलमध्ये लिहा. पट्ट्या भंगाराच्या कोपऱ्यात पडलेल्या आहेत, मी बघून आलेय. लेझर आमची बॅच वर्गणी काढून आणेल. फक्त सरांची सही हवी.